लात्रुनची ती व्हायरल पोस्ट आणि खरा हिशोब

दर काही महिन्यांनी ही पोस्ट फिरत फिरत येतेच: नाझींच्या छळछावणीतून वाचलेली पोरं 1948 मध्ये बोटीने इस्रायलच्या हैफा बंदरात उतरली, काहीच ट्रेनिंग न देता धक्क्यावरच हातात बंदूक दिली, दुसऱ्या दिवशी अरब सैन्याविरुद्ध लात्रुनच्या (जेरुसलेमच्या रस्त्यावरच्या मोक्याच्या टेकडीच्या) लढाईत त्यांचा मुद्दाम बळी दिला, शेकड्याने मेली आणि आज त्यांचं नावही कुणाला माहीत नाही. खाली रडणारे इमोजी, आणि मग इस्रायलच्या बाजूचे नि विरोधातले दोघंही तीच पोस्ट आपापल्या सोयीने वापरतात.

आधी आकडा बघू. 24-25 मे च्या रात्रीच्या पहिल्या हल्ल्यात इस्रायलचे 70 च्या आसपास सैनिक मेले. वाईटच आहे, पण शेकडो नाही. त्यातले बहुतेक अलेक्झांड्रोनी ब्रिगेडच्या 32 व्या बटालियनचे, म्हणजे बरीचशी तिथलीच, गावाकडची, शेतकऱ्यांची पोरं. पुढे पंतप्रधान झालेला एरियल शेरॉन याच बटालियनमध्ये होता, तिथेच पोटात गोळी लागून पडला. बोटीवरून आलेली पोरं मुख्यतः सातव्या ब्रिगेडमध्ये, तिथे मेलेले त्या मानाने कमी. फुगवलेले आकडे आधी जॉर्डनच्या बाजूने आले आणि नंतर इस्रायलमध्येच तेव्हाचे पंतप्रधान बेन-गुरियन यांच्यावर टीका करणाऱ्यांनाही ते सोयीचे पडले.

"काहीच ट्रेनिंग नव्हतं" हे मात्र अर्धं खरं आहे, उगाच नाकारायला नको. समुद्रात अडवलेल्या ज्यू निर्वासितांना ब्रिटिश सायप्रस बेटावरच्या कॅम्पात डांबायचे, तिथे हागानाची (ज्यूंच्या गुप्त सेनेची) माणसं तारेच्या आत गुपचूप काठ्या घेऊन कवायत करून घ्यायची, जर्मनीतल्या निर्वासित कॅम्पातही भरती चालायची, आणि तिथे "स्वेच्छेने" या शब्दाला फार अर्थ नव्हता, जो नाही म्हणेल त्याच्यावर भरपूर दबाव यायचा. पण काठीची कवायत म्हणजे लढाई नाही ना राव. सातवी ब्रिगेड नुकतीच उभी राहिलेली, अधिकारी हिब्रूत ओरडणार, पोरांना यिडिश, पोलिश, हंगेरियन कळणार, हल्ला काही तास लांबल्याने अंधारात जायचं ते उजाडताना उघड्यावर सापडले, वर भयंकर गरम वारा, प्यायला पाणी नाही, गव्हाची शेतं पेटलेली, डोळ्यानाकात चिलटं. समोर टेकडीवर अरब लीजनची, म्हणजे जॉर्डनच्या सैन्याची, हबिस अल-मजालीच्या हाताखालची तुकडी तोफा लावून बसलेली. इस्रायली सैन्याच्या मोहिमा आखणाऱ्या यिगाएल यादीनला घाई नको होती, बेन-गुरियनला जेरुसलेमचा वेढा फोडायचा होता. चूक शोधायची तर इथे शोधा, "मुद्दाम बळी दिले" याला पुरावा कुठाय?

आणि सायप्रसमधल्या लढण्याच्या वयाच्या पुरुषांना ब्रिटिशांनी मे 48 नंतरही अडकवून ठेवलं, शेवटचे सुटले थेट 1949 च्या सुरुवातीला, म्हणजे कॅम्पातली सगळी तरुण पोरं थेट लात्रुनला हे गणित तिथेच कोसळतं. बाहेरून भरती केलेल्यांना "गहाल" म्हणत, ते 20 हजारांहून जास्त, नुसते लात्रुनला नाही, सगळ्याच आघाड्यांवर लढले.

राहिलं "नाव नाही". नावं आहेत, इस्रायलच्या संरक्षण खात्याच्या साइटवर प्रत्येक मृत सैनिकाचं पान आहे. शेरॉनसारख्यांच्या मित्रांची पानं बघा, शाळा, शेत, आवडीनिवडी, सगळं. आणि छावणीतून एकटाच वाचून आलेल्या एखाद्याचं पान बघा, कधीकधी चारच ओळी, जन्मगाव अंदाजाने, आईचं नाव रिकामं, फोटोच नाही. सांगणारं घरात कुणी उरलंच नव्हतं तर लिहिणार कोण? काही स्वयंसेवक आता जुनी कागदपत्रं, बोटीच्या याद्या चाळून एकेकाचे आईवडील नि फोटो शोधतायत. पोस्ट फॉरवर्ड करणाऱ्यांनी त्यातलं एखादं पान तरी उघडून बघावं.