चहाला वेळ असते

'चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो' हे वाक्य आमचे बाबा इतक्या वेळा म्हणतात की पाहुण्यांनाही पाठ झाले आहे. वयाच्या ७८व्या वर्षी मात्र त्यातला पहिला अर्धा भाग खोटा ठरतो, असे आता माझे स्पष्ट मत झाले आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास बाबांची झोप रात्री दोन-तीनदा मोडू लागली, तेव्हा दादाने एका सकाळी चहापुडीचा डबाच माळ्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी बाबांचे डोके असे ठणकू लागले की आम्ही घाबरून रक्तदाबाचे यंत्र काढून बसलो. रक्तदाब नेहमीचाच होता. चहातले कॅफिन म्हणजे तरतरी आणणारे द्रव्य. वर्षानुवर्षे रोज घेतलेले हे कॅफिन एकाएकी बंद केले की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते, मरगळ येते, चिडचिड वाढते आणि हा त्रास कधी कधी आठवडाभर पुरतो. म्हणून चहा कमी करायचाच असेल तर दर दोन-चार दिवसांनी अर्धा कप घटवत, अशा बेताने करावा. आणि खरे सांगायचे तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा चहा असा परस्पर तोडणे ही मला अरेरावीच वाटते.

डबा खाली आल्यावर मी एक दिवस नुसती मोजदाद केली. पहाटे साडेपाच, आठ, अकरा, दुपारी चार, संध्याकाळी साडेसहा आणि रात्री नऊच्या बातम्या, असे सहा वेळा आधण चढले. बाबांचा स्टीलचा पेला पाण्याने मोजला, तर तो साधारण १०० मिलीचा भरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेनुसार १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅमची आहे. त्या हिशेबाने बाबांच्या पोटात दिवसाला १२० ते २६० मिलिग्रॅम जात होते, म्हणजे मर्यादेच्या आतच. (साखर नऊ चमचे जात होती, तो वेगळाच विषय.)

तरीही झोप मोडत होती, आणि त्याचे कारण मला शेवटच्या दोन पेल्यांत दिसले. शरीरात दिवसभर ॲडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि त्याने डोळ्यांवर झापड येते. कॅफिन मेंदूतील त्याच्या जागा अडवून बसते. निरोगी माणसाच्या रक्तातले निम्मे कॅफिन ओसरायलाही सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे साडेसहाच्या चहातले निम्मे रात्री साडेअकराला अंगात असते आणि त्यावर नऊच्या चहाची भर पडलेली असते. पंचविशीत हे खपून जाते. म्हातारपणी झोप मुळातच सावध, त्यात लघवीला उठणे आले, आणि अंधारात चाचपडत जाताना पाय घसरला तर खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही. मला कॅफिनची धास्ती वाटते ती त्या अंधारातल्या दहा पावलांमुळे.

दुसरी गोष्ट याहून साधी आणि जास्त दुर्लक्षित आहे. बाबांची थायरॉइडची गोळी साडेपाचच्या चहाच्या घोटाबरोबरच जात असे. तपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडू लागले की वाढणारे संप्रेरक) वाढलेले येई, गोळीची मात्रा वाढे, पुन्हा तेच. 'काका, गोळी कशाबरोबर घेता?' हा प्रश्न दोन वर्षांत दवाखान्यात कोणी विचारला नाही. तो विचारला औषधांच्या दुकानातल्या मुलीने. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ही थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायचे असते आणि पुढे अर्धा ते एक तास थांबायचे असते, कारण कॉफीने त्याचे शोषण घटते आणि दूध घातलेल्या चहातले कॅल्शियमही आड येते.

जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा टाळावा, असेही तीच मार्गदर्शिका सांगते, कारण चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन कमी असूनही पोह्यांबरोबर चहा घेणाऱ्या आपल्या आयांना हे कोणीतरी सांगायला हवे.

आता आमच्याकडे साडेपाचला गोळी, साडेसहाला पहिला चहा आणि चारनंतर चहापूड बंद, असा करार आहे. झोप एखाद्या वेळीच मोडते. नऊच्या बातम्यांना मी गवती चहा आणि आले पाण्यात उकळून देते. बाबा त्याला काढा म्हणतात, बशीत ओततात, दोन घोट घेतात आणि उरलेले गॅलरीतल्या कुंडीत ओतून येतात.