किल्ली माझ्याकडेच आहे : ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स.न.वि.वि.

माझा भाऊ बाळू याला डाऊन सिंड्रोम (जन्मजात बौद्धिक दिव्यांगता) आहे; त्याचं खाणं, चालणं आणि मी खाऊच्या फडताळाला लावलेलं कुलूप यांवरच्या ‘बाळूचं ताट’ या माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिसऱ्यांदा नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, सोड. सोडणारच होते, पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी ते असं : “44 वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात बिस्किटासाठी बहिणीकडे किल्ली मागतो, याला आरोग्य म्हणायचं की तुरुंग?”

तुरुंग! टोपणनावाआडून स्पष्ट बोलणं सोपं असतं हो. माझं नाव, माझ्या भावाचा फोटो, आमच्या फडताळाचा फोटो, सगळं इथे उघड्यावर आहे. असो.

तुमचं जे बरोबर आहे ते आधीच कबूल करून टाकते. लेखात बाळूच्या वजनाचा आकडा द्यायला नको होता. कालच काढला. आणि ‘रोज 50 मिनिटं चालतो’ हेही जरा फुगवलेलंच. ठाण्याच्या तलावपाळीपर्यंत जाणं-येणं आणि वाटेतल्या कुत्र्याशी गप्पा धरून 50. निव्वळ चालणं 35च. झालं समाधान?

आता तुरुंग.

ते फडताळ आईचं. आई होती तेव्हा त्याला कुलूप नव्हतं आणि ते कधी रिकामंही नसायचं. शंकरपाळे, चकल्या, खारी, पार्ले-जीचे पुडे. बाळू दिव्यांगांच्या वर्कशॉपमधून पणत्या रंगवून आला की आई विचारायची, “काय देऊ राजा?” आणि त्याने तोंड उघडायच्या आत बशी समोर. पाहुणे आले की बाळूला पेढे. लग्नाच्या पंगतीत वाढपीसुद्धा म्हणायचा, याला अजून दोन घाला. वॉचमन स्वतःच्या चहात बुडवून बिस्कीट द्यायचा. बाळूला आयुष्यात कुणी नोकरी दिली नाही, मुलगी दिली नाही, घटकाभर गप्पा मारायला कुणी बसलं नाही. गुलाबजाम मात्र सगळ्यांनी दिले.

2011 साली आई गेली आणि तो ठाण्याला आमच्याकडे आला. पहिल्या दिवशी दोन मजले चढताना तीनदा पायरीवर बसला. वाकता येत नव्हतं, म्हणून त्याचे बूट मी बांधायची. (वजन सांगत नाही. कंबर सांगते, 108 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना 90च्या वर धोका धरतात.) डॉक्टरांकडे नेलं तर मान वर न करता म्हणाले, डाऊनची मुलं अशीच जाड असतात. 31 वर्षांचं मूल! त्या वाक्यावर आमची दोन वर्षं गेली. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत थायरॉइड तपासायला सांगितलं, टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक) चांगलाच वाढलेला निघाला. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं इतकं सर्रास आहे की ते नेमाने तपासत राहायचं असतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा ‘घरच्यांना काय कळतंय’ असं तुम्ही लिहिता ते वाचून हसू आलं. त्या दोन वर्षांत कुठे होतात साहेब?

कुलूप त्यानंतरचं. प्रॅडर-विली सिंड्रोम म्हणून एक प्रकार असतो. त्यात पोट भरल्याची जाणीवच होत नाही आणि फ्रिजला कुलूप हा तिथे उपचाराचाच भाग असतो. त्या घरांनाही तुरुंग म्हणणार का? बाळूला प्रॅडर-विली नाही, ते मला ठाऊक आहे, दाखवून द्यायची तसदी घेऊ नका. पण मी बँकेतून येईपर्यंत त्याने बेसनाचे 14 लाडू संपवले होते आणि मग रात्रभर माझा हात धरून मोरीत बसला होता. हात माझा होता, तुमचा नव्हता.

‘बिचाऱ्यांचं आयुष्य ते केवढं, खाऊ द्या की’, हेही तुमचंच. अमेरिकेत 1983 साली डाऊन असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य 25 वर्षं होतं, आज ते 60च्या घरात आहे. आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायामाचा आकडा मी घरी बसून काढलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिव्यांग प्रौढांचा वेगळा उल्लेख करून तोच सांगितलाय. ‘उद्या शीर्षासनही घालायला लावाल’ म्हणता, तर नाही लावणार. डाऊनमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून शीर्षासन नाही, कोलांटी नाही. वाचलंय मी थोडंफार.

कुलपापलीकडे लेखात जे होतं ते तुम्हाला दिसलंच नाही. काकडीची कोशिंबीर बाळू करतो. खमंग करतो. दाण्याचं कूट एकच चमचा, असं ठरलंय. तो माझ्याकडे बघत एक घालतो आणि मी पाठ फिरवली की दुसरा. चमचा भांड्याला लागल्याचा आवाज येतो, मी काही बोलत नाही. चालून आला की आईच्या उरलेल्या टिकल्यांतली एक कालनिर्णयवर त्या तारखेला लावतो. लाल संपल्या, आता मरून रंगाच्या चालू आहेत. तुरुंगात असं असतं?

‘44 वर्षांच्या माणसाला बाळू म्हणता?’ आजीने ठेवलेलं नाव आहे ते. आणि हे विचारणारा माणूस त्याच प्रतिक्रियेत ‘बिचारी मतिमंद मुलं’ लिहितो! 2016च्या कायद्याने तो शब्द टाकून ‘बौद्धिक दिव्यांगता’ म्हटलंय. जरा भाषा सांभाळा.

बाकी मुद्दे किरकोळ आहेत. तुमची मुलगी 29 वर्षांची आहे, जिमवाले तिला घेत नाहीत, बागेत लोक टक लावून बघतात, एकटीला सोडवत नाही, मग तिने चालायचं कुठे, असं विचारलंत. वेळ मिळाला की त्यावर वेगळं लिहीन. वर्कशॉपमध्ये चार वाजता येणाऱ्या वडापावचं म्हणाल, तर ते वर्कशॉपवाल्यांना विचारा. ‘बाळूला कधी विचारलंत का?’ हा प्रश्न मात्र निव्वळ खवचट आहे. त्याला विचारून काय होणार? तो लाडूच म्हणणार.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे.

ता. क. एवढं लिहीपर्यंत साडेसहा झाले. बाळू खिडकीशी उभा राहून “पाऊस आहे ताई, आज नको” म्हणतोय. दोन छत्र्या काढल्या आहेत. येते.