केएक्सेक चालवलंत, पण डेटाबेस कुठे गेला?

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: ‘लिनक्सला रीबूट लागतच नाही. केएक्सेक चालवा, चालू कामाला धक्का न लागता नवं कर्नल सुरू. लाइव्हपॅच तर जुनं कर्नल काढून नवंच बसवतो. तरी रीबूट करणारे मागासलेले.’

‘चालू कामाला धक्का न लागता.’ सगळी गडबड इथे आहे. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि केएक्सेक म्हणजे चालू कर्नलमधूनच दुसरं कर्नल सुरू करायची सोय. ते 2005 साली कर्नलच्या 2.6.13 आवृत्तीत आलं. चालू कर्नल नव्या कर्नलला मेमरीत आणून ठेवतं आणि वेळ आली की थेट त्यावर उडी मारतं. वाचतं काय? फर्मवेअरची, म्हणजे मशीन सुरू होताच चालणाऱ्या बायोससारख्या मूळ प्रोग्रॅमची तपासणी आणि कर्नल मेमरीत आणणारा बूटलोडर. भरपूर रॅमच्या मोठ्या सर्व्हरवर ती तपासणीच काही मिनिटं खाते, त्यामुळे फायदा खरा आहे. पण जुन्या कर्नलवरची प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मरते. डेटाबेस बंद, एसएसएच (दुरून सर्व्हरवर काम करायची जोडणी) तुटलेलं, अपटाइम (न थांबता चालल्याचा वेळ) शून्यावर. ‘सिस्टिमसीटीएल केएक्सेक’ ही आज्ञा दिली, तर ती निदान सेवा नीट आवरून मग उडी मारतं. नुसतं ‘केएक्सेक -ई’ तेवढंही थांबत नाही. फॉरवर्ड वाचून तेच चालवणाऱ्याच्या डेटाबेसची मला काळजी वाटते.

कुणी म्हणेल, ‘क्रिऊ नावाच्या साधनाने प्रोसेस गोठवून पुन्हा उठवता येतात ना?’ येतात, पण त्या मधल्या वेळात त्या थांबलेल्याच असतात, आणि प्रत्येक प्रोग्रॅम असा सुखरूप उठेल याची खात्री नाही.

आता लाइव्हपॅच. 2015 च्या 4.0 पासून तो मूळ कर्नलमध्ये आहे आणि त्याचं काम अगदी वेगळं. सदोष फंक्शनच्या तोंडाशी तो वळण लावतो: हाक जुन्याला, काम नव्याचं. बाकी कर्नल जागचं हलत नाही. पॅचनंतर ‘यूनेम -आर’ चालवून बघा, आवृत्ती तीच दिसेल. डेटा स्ट्रक्चरची, म्हणजे कर्नल माहिती मेमरीत ठेवतं त्या साच्याची मांडणी बदलणारी दुरुस्ती अशी बसवणं फार अवघड, म्हणून त्यातून मुख्यतः निवडक सुरक्षा-दुरुस्त्या येतात. 5.15 वरून 6.1 वर जायचं, तर हा रस्ता तुमचा नाहीच.

हार्डवेअरबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही. केएक्सेकमध्ये फर्मवेअर मधे येत नाही, म्हणजे उपकरणं पहिल्यापासून सुरू करून देणारंही कुणी नसतं. जुन्या ड्रायव्हरने नेटवर्क कार्ड नीट थांबवलं नसेल, तर नव्या कर्नलला ते अर्धवट अवस्थेत मिळतं. ग्राफिक्स कार्डं तर यात बऱ्याचदा रुसतात. बायोसचं अपडेट लागू करायचं असेल, तरी पूर्ण रीबूटच.

राहता राहिले ‘मागासलेले’. दोन सर्व्हर ठेवून भार एकावरून दुसऱ्यावर हलवायचा आणि पहिला निवांत रीबूट करायचा, यात मागास काय ते मला कळलं नाही. उलट पाच वर्षं बंदच न झालेल्या मशीनच्या एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) कुणीतरी मधेच एक चुकीची ओळ घातलेली असते. ती सापडते वीज गेल्यावर, रात्री दोनला.