मशेरी लावली असेल तर अर्धा तास थांबायचं

एचआयव्हीची तपासणी स्वतःच्या हातानं करता येते, हे ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं त्यांनाच ते माहीत नसतं. धंद्यातल्या बाया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईनं नशा करणारी पोरं. जागतिक आरोग्य संघटनेनं स्वतपासणीची शिफारस डिसेंबर २०१६ मध्येच केली आहे.

सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन होतं ते केंद्र, यांना ठाऊक असतं. अडतं ते तिथं जाण्यावर. रात्रभर जागलेल्या बाईनं सकाळी ओपीडीच्या वेळेत रांगेत उभं राहायचं, आणि रांगेत गल्लीतलंच कुणी भेटलं तर?

म्हणून, वाटप करणाऱ्यांनो, यांना स्वतपासणीचं किट द्याच. पण नुसतं पाकीट हातात कोंबू नका, पिअरनं, म्हणजे त्यांच्यातल्याच कार्यकर्त्यानं, समोर बसून दाखवायला हवं. ओराक्विक नावाच्या किटचं बघा. एका कप्प्यात चपटी काडी, दुसऱ्यात द्रावणाची छोटी बाटली. बाटली उघडून आधी स्टँडमध्ये उभी करायची, द्रावण ओतून टाकायचं नाही. काडीच्या टोकाच्या पट्टीला बोट लावायचं नाही. वरच्या हिरडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवायची, खालच्या हिरडीवरून एकदा. ब्रशसारखं घासायचं नाही. जीभ, टाळू, गाल नको. मग काडी बाटलीत. निकाल २० मिनिटांनंतर बघायचा, ४० मिनिटांच्या आत.

चाचणीआधी १५ मिनिटं खाणं-पिणं बंद, आणि दात-तोंड साफ करायचं काही वापरलं असेल तर ३० मिनिटं थांबायचं. आपल्याकडे कितीतरी बाया मशेरी लावतात, तीही नेमकी हिरडीवर. "पेस्ट वापरू नका" एवढंच सांगितलं तर मशेरी कुणाच्या डोक्यात येत नाही. मशेरीचं नाव घेऊनच सांगा. गुटख्याचंही.

काडीवरच्या 'सी' अक्षरासमोर रेघ आली नाही तर ते किट बाद. 'टी'समोरची रेघ कितीही पुसट असली तरी ती रेघच, म्हणजे निकाल पॉझिटिव्ह. "थोडंसंच आहे" असं काही नसतं. अर्थात तेवढ्यावर एचआयव्ही आहे असं ठरत नाही. आयसीटीसीत वेगवेगळ्या किटवर रक्त तपासून पक्कं होतं. त्या वाटेवर सोबत जाणारं माणूस किट देतानाच ठरलेलं हवं, कारण पुसट रेघ बघितल्यावर एकटं बसलेलं माणूस दवाखान्यात जायचं टाळतं.

निगेटिव्हचं तर जास्त समजावावं लागतं. हे किट विषाणू नाही, अँटिबॉडी शोधतं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं. गेल्या तीन महिन्यांतला संसर्ग त्यात दिसेलच असं नाही. अमेरिकेतल्या मंजुरीआधीच्या अभ्यासात संसर्ग असलेल्या साधारण १२ जणांमागे एकाला चुकून निगेटिव्ह आलं होतं. आधीपासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या गोळ्या चालू असतील तर हे किट वापरूच नये, निकाल फसवा येऊ शकतो. आणि काल रात्री कंडोम फाटला असेल तर किट शोधत बसू नका. ७२ तासांच्या आत दवाखाना गाठून पेपच्या, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणूनच्या, गोळ्या सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं चांगलं. त्या २८ दिवस घ्याव्या लागतात.

घरवालीनं, म्हणजे कोठ्याच्या मालकिणीनं, किंवा जोडीदारानं बळजबरी करून काडी तोंडात घालायला लावली, तर ती स्वतपासणी नव्हे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणीला त्या माणसाची संमती लागते. किट देण्याआधी एकांतात विचारा, "हे घरी ठेवायला तुला काही त्रास होईल का?" होईल म्हणाली तर आपल्याच खोलीत बसवून करून घ्या. अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत.

वाटप करणाऱ्यांनो, एप्रिल-मेमध्ये किट गाडीच्या डिकीत किंवा ट्रकच्या केबिनमध्ये ठेवू नका. ते ३० अंशांपर्यंतच ठेवायचं असतं.