नुसतं फॉरमॅटच मारायचंय, दाजी

कॉम्प्युटर कोरा करून घ्यायचा असेल तर मुहूर्त रविवार सकाळचा धरावा. ज्याच्याकडून काम फुकट करून घ्यायचं तो माणूस तेव्हा पेपर आणि दुसरा चहा घेऊन नुकताच टेकलेला असतो. आधी फोन मुळीच करू नये. फोन केला की तो 'बॅकअप घेऊन ये' असलं काहीतरी अभद्र बोलतो. त्यापेक्षा पहाटे उठावं, सीपीयू चादरीत गुंडाळावा, मागच्या सीटवर पट्टा लावून बसवावा आणि इचलकरंजीहून थेट पुण्यात येऊन बेल वाजवावी. हातात भडंगाची पिशवी असली की झालं. भडंग घेतल्यावर नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

"काही नाही हो दाजी, नुसतं फॉरमॅटच मारायचंय."

हे वाक्य तोंडपाठ करा. त्यातला 'नुसतं' विसरू नका.

कारण विचारलं तर भाच्याचं नाव सांगावं. प्रत्येक घरात असा एक भाचा असतो. आमच्या मेहुण्याच्या भाच्यानं त्याला सांगितलं, विंडोज 10 बंद झालं. बंद काही झालेलं नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे फुकट अपडेट थांबले. मशीन त्या दिवशीही चालू होतं, दुसऱ्या दिवशीही. आणि मशीनला झेपत असेल तर विंडोज 11 वरच्या वर चढवता येतं, फायली जागच्या हलत नाहीत. पण तसलं मिळमिळीत काम सांगू नका. "कोरं करकरीत पाहिजे, दाजी. सगळं उडवून टाका." एवढं बोलून खुर्ची ओढावी आणि बहिणीला पोह्यांचं विचारावं.

चादर सोडली तर कॅबिनेटच्या कपाळावर खंडेनवमीचं हळदकुंकू तसंच होतं. पुढच्या यूएसबीच्या खाचेत झेंडूची पाकळी वाळून बसली होती, ती मी टूथपिकनं उकरून काढली. या मशीनची सहा वर्षं न चुकता पूजा झालेली आहे. नारळ, पेढा, उदबत्ती, सगळं. त्या सहा वर्षांत त्यातली एक फाइल दुसरीकडे कुठे कॉपी झालेली नाही.

आता, "बॅकअप घेतलाय का?" असं कोणी विचारलंच तर "हो" म्हणावं. ठाम म्हणावं. 'मुलाला काही व्यसन नाही ना?' याला पाहुणे जसं उत्तर देतात, तसं. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं खिशातून गणपतीची कीचेन लावलेला पेनड्राइव्ह काढला आणि रमीत शेवटचं पान टाकावं तसा टेबलावर टाकला. "आउटलुक अख्खं कॉपी केलंय यात."

खोटं नव्हतं. आउटलुक म्हणजे त्याचं मेल बघायचं सॉफ्टवेअर, आणि त्यात आउटलुक नावाची वस्तू होती. निळं चित्र, खाली नाव. डेस्कटॉपवरून उचलून टाकलेला शॉर्टकट. आकार 2 केबी.

घर पाडायचं, राडारोडा ट्रॅक्टरनं हलवायचा आणि नाक्यावरची 'अमुक निवास, डावीकडे वळा' ही पाटी तेवढी जपून ठेवायची, त्यातला हा प्रकार. पण तो मला कळला फॉरमॅटनंतर. आधी पेनड्राइव्ह उघडून बघायला हवा होता. बघितला नाही. सासरच्या माणसाच्या शब्दावर विसंबलो, एवढा गुन्हा कबूल.

यापुढचा सल्ला सगळ्यात मोलाचा: आपले मेल नक्की कुठे राहतात याची चौकशी आयुष्यात कधी करू नका. "मेल काय, इंटरनेटवर असतात की" हे पुरेसं आहे. मेहुण्याच्या मागाच्या सुट्या भागांच्या धंद्याची वेबसाइट ज्यानं करून दिली, त्यानंच दुकानाच्या नावाचा मेलही लावून दिला होता. पेटी लहान होती, म्हणून पीओपीनं लावला. म्हणजे कसं, तर पत्रं पोस्टातून उचलून घरी आणायची आणि पोस्टानं स्वतःकडची प्रत काही दिवसांनी फेकून द्यायची. आयमॅप नावाची दुसरी पद्धत असती तर मूळ पत्र पोस्टातच राहिलं असतं. आउटलुकमध्ये पीओपी खातं उघडताना कुणी काही बदललं नाही, तर ही मुदत 14 दिवसांची असते. हे त्या वेबसाइटवाल्यानं मेहुण्याला सांगितलं नव्हतं. मेहुण्यानं विचारलं नव्हतं. सहा वर्षं सगळं चालू होतं, मग विचारायचं कशाला?

तर नवं विंडोज चढलं, आउटलुक बसलं, पासवर्ड टाकला (तो घरी फोन करून, डायरीत बघून, दोनदा चुकून) आणि भराभर मेल यायला लागले. मेहुण्यानं पोह्यांची ताटली खाली ठेवून टाळी दिली. "आले की ओ दाजी! उगाच घाबरवता." मग त्याला कोइमतूरच्या पार्टीचं मार्चमधलं कोटेशन दाखवायची हुक्की आली. यादी खाली खाली सरकवत गेला. दोन आठवड्यांपूर्वीच्या एका तारखेपाशी ती संपली. त्यानं माऊसचं चाक आणखी फिरवलं. खाली पांढरं. पुन्हा फिरवलं. मग माऊस उलटा करून खालचा लाल दिवा पाहिला.

"बाकीचे कुठायत?"

"बाकीचे कुठं होते?"

"मेलमध्ये."

"मेल कुठं होते?"

"आउटलुकमध्ये."

"आउटलुक कुठं होतं?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"आणि कॉम्प्युटरचं आत्ता आपण काय केलं?"

माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेली.

सहा वर्षांचे मेल एका फाइलीत होते हो! एका! पीएसटी म्हणतात तिला. हल्लीच्या 'क्लासिक' आउटलुकात पीओपीची ती फाइल साधारणपणे डॉक्युमेंट्समध्येच 'आउटलुक फाइल्स' नावाच्या फोल्डरात सापडते. नाही सापडली तर आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये 'डेटा फाइल्स' म्हणून भाग आहे, तिथे पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, गल्ली-बोळासकट. आउटलुक बंद करायचं, फाइल उचलायची, बाहेरच्या डिस्कवर ठेवायची. भडंगाला फोडणी बसायला लागतो तेवढाही वेळ माणसाचा जात नाही, पुढचं मशीन करतं. पण नाही. आम्ही पेनड्राइव्हवर पाटी घेऊन आलो. चार-साडेचार तास गाडी चालवून पाटी घेऊन आलो!

बरं, शांत होतो. सल्ले राहिलेत.

रिकव्हरी सॉफ्टवेअरवर श्रद्धा ठेवा. एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या डिस्कवर, फॉरमॅटनंतर ट्रिम नावाचा झाडूवाला फिरून गेलेला असतो, पण सॉफ्टवेअरवाल्याला पैसे भरेपर्यंत तसं म्हणू नये.

एकाच डिस्कच्या 'सी'मधलं उचलून 'डी'मध्ये टाकलं की बॅकअप झाला असं समजा. एकाच सदऱ्याचे दोन खिसे असतात, सदरा चोरीला गेला तरी एक खिसा आपल्याकडे राहतो.

डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची 48 आकडी किल्ली त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये सेव्ह करा.

पासवर्ड ब्राउझरला माहीत असतो, तुम्हाला कशाला हवा?

आउटलुकऐवजी थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सगळं एका लपवलेल्या प्रोफाइल फोल्डरात असतं, मेल आणि पत्ते दोन्ही. लपवलंय म्हणजे बिनमहत्त्वाचं असणार, सोडून द्या.

आता नंबर आणि पत्ते. कॉन्टॅक्ट सेव्ह करणं हे रिकामटेकड्यांचं काम. मेलच्या 'टू'मध्ये 'क' टाईप केलं की कोइमतूर आपोआप खाली येतं, मग वेगळं लिहून कशाला ठेवायचं? मेहुण्याच्या कॉन्टॅक्ट्समध्ये सहा वर्षांत अकरा नावं होती, त्यांतली दोन त्याची स्वतःची. बाकी शे-दोनशे व्यापारी निव्वळ त्या आपोआप खाली येण्यावर जगत होते. तो काही पत्त्यांचा संग्रह नव्हता, आधी कुणाला मेल पाठवला त्याची मशीनला राहिलेली आठवण होती. आठवण मशीनबरोबर गेली. नंतर तासभर तो 'क' दाबून बघत होता.

तुम्ही फारच शिस्तीचे असाल आणि यादी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या फाइलीत, काढलीच, तर ती एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह जरूर करा. +91 लावलेला प्रत्येक मोबाईल नंबर 9.19877ई+11 असा सुटसुटीत होतो. देवनागरीत लिहिलेली नावं बऱ्याचदा प्रश्नचिन्हं होऊन जातात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे करून दाखवलंय. यादीत पहिला ???? ?????, त्याखाली ????? ????. सभेची नोटीस कोणाला गेली ते अजून कळलेलं नाही.

आणि नंबर गेलेच, तर कुटुंबाच्या ग्रुपवर 'माझा मोबाईल फॉरमॅट झाला आहे, सर्वांनी आपापले नंबर पाठवावेत' हा मेसेज आहेच. ग्रुपमध्ये नंबर दिसतात हे कुणाच्याही लक्षात आणून देऊ नये. एकवीस जण नंबर पाठवतात, सहा जण हात जोडतात, एक काका सुप्रभात पाठवतात.

शेवटची पायरी, खापर. याची तयारी मात्र आधीपासून हवी. इचलकरंजीला पोचण्याआधी, कऱ्हाडच्या चहालाच फोन लावावा. "दाजींनी उडवलं सगळं." संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, मशीन जुनं होतं हो, पण चालत तरी होतं." बायको म्हणाली, "एक काम सांगितलं होतं तुम्हाला." पंधरा दिवसांनी त्याच्या सीएनं जुन्या खरेदीची बिलं मागितली. ती मेलनंच आलेली. जीएसटीच्या कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपायला सांगितलीत. आमच्याकडे 14 दिवसांची निघाली. आता तो एकेका व्यापाऱ्याला फोन करून "जरा जुनी बिलं परत पाठवता का" म्हणतोय, आणि फोन करायला ज्यांचे नंबर हवेत ते बिलांवर होते.

यात हसण्यासारखं काही नाही. मला हसू येत नाहीये. तो माणूस दिवसाचे बारा तास दुकानात उभा असतो, एका नटासाठी घासाघीस करतो, गल्ल्यातले पैसे दोनदा मोजतो, दुकानाला तीन कुलपं लावतो. आणि ज्या फाइलीत अख्खं दुकान आहे ती कुठं ठेवलीय हे त्याला माहीत नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का? आत्ता, हे वाचताना, सांगता येईल? 31 मार्चला जगभर बॅकअपचा दिवस पाळतात म्हणे. त्या दिवशी आपण वर्षाचा हिशेब मिटवत जागे असतो, पै-पैचा. मग त्याच रात्री ती फाइलही कॉपी करायला कोणी हात धरलाय? दहा हजारांचा फोन घेतला की पाचशेचं कव्हर लगेच घेता. आळस आहे हा, दुसरं काही नाही. 'मला त्यातलं कळत नाही' म्हणू नका, तुम्हाला शेअर बाजारातलं कळतं, पोरांच्या प्रवेशाच्या फेऱ्या कळतात, आणि एक फाइल उचलून दुसरीकडे ठेवणं कळत नाही?

उठा. आउटलुक असेल तर बंद करून ती पीएसटी उचला, थंडरबर्ड असेल तर प्रोफाइलचा फोल्डर. गुगलवर नंबर असतील तर व्हीकार्ड नावाच्या पत्त्यांच्या फाइलीत काढून घ्या, एक्सेलमध्ये उघडू नका. बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनला लावून, त्यातला एक जुना मेल उघडून बघा. उघडला तर बॅकअप झाला. नुसता कॉपी झालेला मला सांगू नका.

आणि पुढच्या वेळी मी "बॅकअप घेतलाय का?" विचारलं तर "हो" म्हणायचं नाही. फाइलचा आकार वाचून दाखवायचा. केबी निघाले तर गाडीला किल्ली लावू नका.