टोकन पाठवण्याआधी इंडेक्स टू मागा

शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून मे महिन्यात घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सगळे एकदमच भाड्याचं घर शोधायला निघतात. बऱ्यापैकी वन बीएचके दिसला की एजंट म्हणतो, "दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देतेय." मग माणूस लिफ्टमध्येच पैसे पाठवतो, तेही एजंटच्या नंबरवर. पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

टोकन मालकाच्याच खात्यात जायला हवं. त्याआधी इंडेक्स टू (फ्लॅट कोणाच्या नावावर नोंदला आहे हे दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं मेंटेनन्स बिल आणि मालकाचं पॅन यांवरची नावं जुळवा. नुसत्या लाइट बिलावर जाऊ नका, त्यावर अनेकदा जुन्याच मालकाचं नाव असतं. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांची संमती लागते. टोकन डिपॉझिटमध्ये वळतं होणार का, आणि सोसायटीने अडवलं तर किती दिवसांत परत मिळणार, हे व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाकडून लिहून घ्या. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींचे पैसे नेमके याच कारणाने अडकतात. खरं तर आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. तरी एनओसीच्या (ना-हरकत पत्राच्या) नावाखाली अडवणूक चालते, याची चीड येते.

"अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी चालेल" हेही ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. करार वर्षाचा, भाडं २५,००० आणि डिपॉझिट १ लाख धरलं, तर १२ महिन्यांचे ३ लाख, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी १०,००० मिळवा. या ३,१०,००० वर पाव टक्का म्हणजे ७७५ रुपये मुद्रांक शुल्क, वर महापालिका हद्दीत १,००० नोंदणी फी.

चढाओढीत डिपॉझिट वाढवून देणं मला मुळीच पटत नाही. सोडताना तीच रक्कम परत मिळवायला नाकी नऊ येतात. त्यापेक्षा आधार, पॅन, नोकरीचं पत्र आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा एका पीडीएफमध्ये तयार ठेवा. "उद्याच बायोमेट्रिकला (करार नोंदवताना अंगठा द्यायला) बसतो" असं सांगणारा भाडेकरू मालकाला जास्त भरवशाचा वाटतो.

अंगठा लावण्याआधी लॉक-इनचं कलम (ठरलेल्या मुदतीआधी करार मोडता येणार नाही, अशी अट) मात्र वाचा. पुष्कळ तयार मसुद्यांत ते फक्त भाडेकरूला बांधतं. "दोन्ही पक्षांना लागू" हे शब्द त्यात घालून घ्या.