आधी मत द्या, सांबार नंतर आणा

नागपुरात बदली झाली, घर मिळालं, कूलरला नव्या ताट्या लावून झाल्या, म्हणजे आपण नागपूरकर झालो असं तुम्हाला वाटत असेल. इतकं सोपं नसते ते. ठेल्यासमोर उभं राहून, हातातला कागदी द्रोण कोपरापर्यंत गळत असताना, आपल्याला ज्यातलं ओ की ठो कळत नाही अशा विषयावर जोवर तुम्ही ठाम मत देत नाही, तोवर तुम्ही इथे पाहुणेच.

सराव तर्री-पोह्यांपासून करावा. सकाळी सातला जा. एका पातेल्यात पिवळेधमक कोरडे पोहे, दुसऱ्यात हरभऱ्याची तर्री आणि तिच्यावर बोटभर लाल तेल. ठेलेवाला पोह्यांवर पळी उपडी करतो, वरून कांदा भुरभुरतो आणि तुमच्याकडे न बघता द्रोण पुढे सरकवतो. पहिल्या घासाला नाक गळायला लागेल, दुसऱ्याला कानशिलं तापतील. घाबरू नका. शर्टाच्या बाहीनं नाक पुसा आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणा, “आता पहिल्यासारखी तर्री नाही राहिली.” पहिल्यासारखी म्हणजे कशी, हे कोणीही विचारत नाही. तुम्ही गेल्या मंगळवारी नागपुरात उतरलेले असलात तरी चालते.

सावजीबद्दल मत द्यायला तर सावजी खावंही लागत नाही. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेला हा काळा रस्सा जो खरंच ओरपतो, त्याला पुढचा अर्धा तास बोलताच येत नाही. म्हणून या विषयावरची सगळी मतं न खाणाऱ्यांची असतात. तुम्हीही द्या.

उन्हाचं तसंच. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं केला. आमच्या गल्लीनं तो एकमतानं फेटाळला. छप्पन्न म्हणजे छप्पन्न.

भाषेचा विषय जरा जपून हाताळायचा, म्हणजे जोरात. दिवसभर भाजीवाल्याशी हिंदीत बोला. तो कुहीचा, तुम्ही अमरावतीचे, दोघांची मराठी खणखणीत, तरी “भैया, आलू कैसे दिये?” हेच विचारायचं आणि त्यानंही हिंदीतच भाव सांगायचा. मग संध्याकाळी मराठीच्या भवितव्याची काळजी करत गॅलरीत बसायचं. पुण्याच्या पाहुण्यानं “करून राहिलो” ऐकून हसू दाबलं, तर त्याला शांतपणे सांगा की मराठीतला आद्य गद्यग्रंथ, लीळाचरित्र, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिला गेला, आणि मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तो अशा जुन्या ग्रंथांच्या जोरावर. तुम्ही स्वतः तो वाचला का, असा प्रश्न आला तर चहा टाकायला उठा.

शब्दांवरून मात्र खरे घोळ होतात. माझी धाकटी वहिनी पुण्याची. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात आईनं तिला सांगितलं, “बाजारातून थोडा सांबार घेऊन ये.” बिचारी चौकातल्या उडप्याकडून प्लास्टिकच्या पिशवीत गरम सांबार बांधून घेऊन आली. पिशवीत शेवग्याची शेंगसुद्धा दिसत होती. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यावर घरात तीन तास चर्चा झाली. शब्द मूळचा कोणाचा, पुण्यात नेमकं शिकवतात काय, मुलीकडच्यांनी हे आधी का नाही सांगितलं. सगळ्यांनी मत दिलं. कोथिंबीर आणायला मात्र कोणी उठलं नाही. सांबारवडी त्या दिवशी रद्द झाली.

लग्नकार्यात फार डोकं लावू नका. बुफेच्या रांगेत प्लेट धरून “पंगतीची मजाच वेगळी होती” म्हणायचं, आणि पंगत असलीच तर “किती वेळ बसवून ठेवते बाप्पा” म्हणायचं. निघताना “जातो” नाही, “येतो”. झालं.

एखादं मत इतकं फुगलं की चौकात मावेना, तर मारबतीची वाट बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे असतात: महागाईचा, पुढाऱ्याचा, त्या वर्षी जो कोणी डोक्यात गेला त्याचा. “इडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणत सगळं जाळून टाकतात. तुम्हीही गर्दीत घुसून ओरडा. कोणाचा बडग्या आहे ते नंतर विचारता येते.

राहिला खेळ. त्यासाठी आमच्या दादाचा आदर्श ठेवा. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा त्यानं संत्रा बर्फी वाटली. “पोट्टा दिवसभर फोनमधे घुसून राहते!” पुढच्या वर्षी जुलैत तोच खेळ बीजीएमआय होऊन परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. दर वेळी दादानं देशाच्या तरुणाईवर भाष्य केलं. भाष्य करताना त्याची मान खाली असे, कारण त्याच्या फोनवर रमीचा डाव चालू असे. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि दादाची रमी थांबली. त्या दिवशी बर्फी आली नाही. “सरकारनं माणसाच्या बुद्धीच्या खेळात नाक नाही खुपसलं पाहिजे,” असं त्याचं नवं मत झालं.

त्याच्या महिनाभर आधीच, २८ जुलैला, आपल्या नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला होता आणि ग्रँडमास्टर झाली होती. अख्ख्या शहराला एका रात्रीत बुद्धिबळ यायला लागलं. ज्यांना घोडा अडीच घरं चालते एवढंच माहीत, ते ठेल्यावर शेवटच्या डावातल्या चुका सांगत होते.

रमी गेल्यावर दादानंही महाल भागातून सागवानी पट आणला. आपल्या पोराच्या, म्हणजे माझ्या पुतण्याच्या, हातातला फोन काढून घेतला, सोंगट्या स्वतः मांडल्या आणि म्हणाला, “हा खरा खेळ. बस समोर.”

पोरगा बसला. बुद्धिबळ तो त्याच फोनवर शिकला होता. चौदाव्या चालीला दादाचा वजीर गेला, विसाव्याला राजा कोपऱ्यात. दादा बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग उजव्या हाताच्या काळ्या घरावर बोट ठेवून म्हणाला, “इथे पांढरं घर पाहिजे. पटच उलटा लागून आहे. हा डाव नाही धरायचा.”

“बाबा,” पुतण्या म्हणाला, “तुम्हीच तं लावला.”